कोण कोणाशेजारी

मुलीच्या लग्नाचा फोटोग्राफर रीतसर मुलाखत घेऊनच ठरवायचा, असं वडिलांनी जाहीर केलं तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही. कारखान्यात तीस वर्षं त्यांनी मुलाखतीच घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर पारखायला घरातलीच दोन माणसं उरली होती. आता बाहेरचं कुणी येतंय म्हटल्यावर मायलेकींना हायसंच वाटलं.

पहिला पाच मिनिटं उशिरा आला म्हणून नापास झाला. दुसरा दहा मिनिटं लवकर आला. याला दुसरी कामं नसणार, म्हणून तोही गेला. तिसरी एक बाई होती, चाळिशीची, खांद्यावर जड बॅग. ती वेळेच्या ठोक्याला आली आणि वडिलांनी प्रश्नांचा कागद उलगडायच्या आत तिनेच वही उघडली.

“काका, ग्रुप फोटोत कुणाशेजारी कोण नको, तेवढं आधी सांगा. ऐनवेळी लोक तोंडं फिरवतात.”

वडिलांना प्रश्न आवडला. “माझ्या थोरल्या भावाला माझ्याशेजारी घेऊ नका. अकरा वर्षं आमचं बोलणं नाही.”

“कशावरून?”

“आमच्या आईचं शिलाई मशीन.”

“ते काय, आतल्या खोलीत झाकून ठेवलंय,” मुलीची आई म्हणाली. “आमच्याकडे शिवता कुणालाच येत नाही.”

वडिलांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. भाऊ नको म्हणजे वहिनी नको. वहिनी नको म्हणजे तिची बाजू घेणारी त्यांची धाकटी बहीण नको. तेवढ्यात आईला आठवलं, की तिच्या मावशीचं आणि मामीचं पटत नाही. मग मुलीलाही एक आतेभाऊ आठवला, ज्याने तिचं घरातलं लाडकं नाव कॉलेजभर केलं होतं. बाई शांतपणे फुल्या मारत गेली. अर्ध्या तासाने तिने वही त्यांच्याकडे फिरवली.

“सव्वीस माणसं, सव्वीस फोटो. काका, हे लग्नाचं काम नाही, पासपोर्टचं आहे. ते मी करत नाही.”

मुलगी हसली आणि हसता हसता थांबली. वडील वहीकडे बघत होते. सगळ्यांत जास्त फुल्या त्यांच्याच नावापुढे होत्या.

“तरी घ्याल का काम?” त्यांनी विचारलं. हा आवाज त्यांनी तीस वर्षं टेबलाच्या पलीकडून ऐकला होता.

“घेईन. पण पुढच्या रांगेतल्यांची उंची लागेल मला. तुमच्या भावाची किती?”

“कल्पना नाही.”

“मग विचारा.”

बराच वेळ ते फोन हातात धरून बसले. शेवटी लावला आणि एका दमात म्हणाले, “फोटोवाल्या बाई तुझी उंची विचारताहेत.”

पलीकडून भाऊ म्हणाला, “उभं कुणाशेजारी राहायचंय?”

वडिलांनी घसा साफ केला. “माझ्या.”

“मग पाच फूट आठ लिही. तुझ्यापेक्षा इंचभर जास्त.”

वडिलांनी बाईच्या हातातलं पेन घेतलं. टेकवलं आणि थांबले. “साडेसात,” ते म्हणाले.

“आठ.”

“दारामागे खुणा केल्या होत्या आपण. अर्धाच इंच होता फरक.”

“तू टाचा उचलायचास.”

आईने हळूच उठून चहा ठेवला. बाईलाही थांबायला सांगितलं. हे इतक्यात मिटणारं नव्हतं आणि मिटावं अशी तिला अजिबात घाई नव्हती.