संचिताची कडेकोट गुप्तता

परदेशी जायची वार्ता तिकीट हातात येईपर्यंत कोणाला कळता कामा नये, नाहीतर मोडता घालणारे टपलेलेच! वेंगुर्ल्याच्या संचिताचा बंदोबस्त न सोललेल्या नारळासारखा होता. आयर्लंडातलं कॉलेज, अर्धा वेळ वर्ग, अर्धा वेळ तिथल्याच खाद्यपदार्थांच्या कारखान्यात पगारी काम. छोटी रिया आणि तिचे बाबा मागाहून जाणार. सगळं अडलेलं काजू कारखान्यातल्या तिच्या अनुभवावर. सासू सत्यवतीने भगवतीची शपथ घेतली. कारखान्याचे मालक आंतोनबाब गळ्यातल्या क्रुसाला हात लावून म्हणाले, "मेलंय तरी सांगूचंय नाय!"

दोघांनीही शब्द पाळला. तिथेच घात झाला!

कॉलेजसाठी चौकशी करणाऱ्या पुण्याच्या साहेबांनी कारखान्यात फोन लावला.

"संचिता? कोण संचिता?" आंतोनबाब म्हणाले.

मग घरी लावला.

"त्या नावाचा हय कोण नाय," सासूबाई म्हणाल्या. "हो नंबर कोंबड्यांचो!"

दुपारी मेल आला: कारखान्यात तुम्हाला कोणी ओळखत नाही, घरचा नंबर कोंबड्यांचा, अनुभव खोटा दिसतो, आजच खुलासा करा, नाहीतर अर्ज रद्द!

संचिताच्या डोक्यात मोहरी तडतडली. पण खांद्यावर रिया नुकतीच झोपलेली, लाळेने पदर ओला करत. त्यामुळे सगळा संताप कुजबुजत करावा लागला.

"आई, मी कोंबडी?"

"तूच म्हणालंस मां, कोणाक सांगू नको म्हणान?"

"चौकशीवाल्याक सांगूचा होता!"

"वा गो! चौकशी तर मोडता घालणारेच करतत!"

दात खात तिने साहेबांना फोन लावला आणि आंतोनबाबांनाही त्याच फोनवर घेतलं.

"बाब, मी संचिता! ह्यांका सांगा, मी तुमच्याकडे काजूची प्रतवारी बघतंय!"

"कोण गो तू?" आंतोनबाब म्हणाले, आणि आवाज खाली आणून, "भियाव नको, मी कायएक सांगूक नाय!"

"मॅडम," साहेब थंडपणे म्हणाले, "यांना शिकवून ठेवलंय का?"

झालं! स्पीकरवरचा फोन हातात घेऊनच संचिता घरापुढच्या खळ्यात धावली आणि फुटली.

"मी आयर्लंडाक जातंय! शिकूक! काम करूक! आयकलात सगळ्यांनी?"

रियाने भोकाड पसरलं. तिच्या घामेजल्या कपाळावर ओठ टेकवत संचिता अर्ध्या तोंडाने भांडतच राहिली. कारखान्यातून सुटलेल्या बाया बेड्यापाशी, फाटकाबाहेर थांबल्या.

"ता आमका कधीच ठावक!" विमला म्हणाली. "आंतोनबाबान सांगितल्यान, कोणाक सांगू नको म्हणान!"

"मी एकट्या विमलाक सांगितलंय!" फोनमधून आंतोनबाब ओरडले.

"कोण बोलतंय?" साहेबांनी विचारलं.

"प्रतवारीच्या बाया! ही रोज आमच्या उरावर बसता! एक फुटको गर चालवन घेणा नाय!"

साहेबांनी एकेकीला बोलतं केलं. चार जणींच्या तक्रारी ऐकून झाल्यावर ते हसू दाबत म्हणाले, "पुरे! अनुभव खरा दिसतोय. मॅडम, मी तसं कळवतो."

संचिताने फोन ठेवला. सासूबाईंनी रियाला तिच्याकडून ओढून घेतलं आणि डोळे वटारले.

"इतके दिवस मी चकार शब्द काढूक नाय, आणि तू अख्ख्या वाडीत बोंब मारलंस! तुझ्या तोंडात तीळ भिजणा नाय, गो!"