शेषरावांची एका डब्याची गाडी

शेषराव म्हणायचे, रेल्वेचा माणूस ज्या वस्तूला हात लावतो ती एकतर वेळेवर धावते, नाहीतर सुरक्षित उभी राहते. तिसरा प्रकार त्याच्या हातून घडत नाही. हे वाक्य त्यांनी जयपूरच्या प्रताप नगरात निदान दोनशे माणसांना ऐकवलं होतं, आणि त्यातली दीडशे तर नुसती पत्ता विचारायला थांबलेली होती.

माणूस मूळचा पूर्णा जंक्शनचा. चौतीस वर्षं आगगाडीच्या डब्यांचे ब्रेक तपासण्यात गेली, शेवटची बदली जयपूरला झाली, आणि निवृत्तीनंतर ते इथंच हाउसिंग बोर्डाच्या घरात राहिले. घरापुढं छान फरसबंद अंगण. त्यात त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई पापड आणि कुरडया वाळवायच्या. जयपूरचं ऊन असं, की सकाळी घातलेला पापड दुपारी आपण होऊन भाजून मिळे.

त्या अंगणात एके दिवशी १९७१ सालची ॲम्बॅसेडर उतरली. उतरली म्हणजे, टेम्पोच्या चार खेपांत उतरली. सांगानेरच्या एका गॅरेजमागं ती इतकी वर्षं पडून होती की तिच्या डिकीत एका शेळीच्या तीन पिढ्या जन्मल्या होत्या. गाडी उचलताना त्या शेळीनं शेषरावांकडं असं पाहिलं, जसा कोर्टाची नोटीस आलेला भाडेकरू घरमालकाकडं पाहतो.

"हे काय आणलंत?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

"गाडी."

"गाडीला चाकं असतात."

"चाकं पुढच्या खेपेत आहेत."

पुढची दोन वर्षं अंगणात ठोकाठोकी चालली. पापड गच्चीवर गेले, कुरडया शेजारणीकडं गेल्या, आणि रत्नमालाबाईंच्या तोंडचं गोड बोलणं कुठं गेलं ते कुणालाच कळलं नाही. पण शेषरावांच्या हातात कसब होतं, हे कबूल केलं पाहिजे. पत्रा सरळ झाला, इंजिन सुरू झालं, आणि रंग लागला तो थेट जुन्या डब्यांचा, गडद किरमिजी. एवढ्यावर थांबले असते तर ते शेषराव कसले? त्यांनी भंगाराच्या लिलावातून पावतीसकट सामान आणलं. मागची सीट काढून तिथं हिरव्या रेक्झिनचा बर्थ बसवला. छताला जाळीतला पंखा लावला. तो कंगव्यानं ढकलल्याशिवाय फिरत नसे. दुरुस्त करणं सोपं होतं, पण तेवढं अस्सलपण त्यांनी मुद्दाम जपलं.

खरी करामत ब्रेकची. मोटारीच्या ब्रेकवर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता.

"नळी फुटली की मोटारीचा ब्रेक जातो," ते म्हणत. "हे कसलं शास्त्र? रेल्वेत नळी फुटली की ब्रेक लागतो. हवेचा दाब आहे तोवर चाक मोकळं. हवा गेली की चाक जाम. मग हत्ती लावा, हलणार नाही."

तशीच व्यवस्था त्यांनी ॲम्बॅसेडरला केली. डिकीत हवेची टाकी, चाकांना दांडग्या स्प्रिंगा. टाकी भरली की गाडी धावणार, रिकामी झाली की खिळल्यासारखी उभी राहणार.

आता इथून गोष्टीला वळण लागतं. रत्नमालाबाईंची धाकटी बहीण सुवर्णा आदर्श नगरात राहायची. तिचे यजमान रणजीत फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्या दारात पांढरीशुभ्र लांबलचक नवी गाडी. सुवर्णाच्या मुलीचा, रुचिताचा, साखरपुडा ठरला. रविवारी दुपारी बारा वाजता, घरच्याच अंगणात.

रत्नमालाबाईंनी पदर खोचला आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"ऐका. रविवारी बाराच्या आत मला तुमच्या या गाडीतून सुवर्णाच्या दारात उतरवायचं. उतरवलंत, तर गाडी राहील, मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. मधेच रिक्षा करावी लागली, तर सोमवारी भंगारवाला येईल. मला माझं अंगण पाहिजे."

"मंजूर," शेषराव म्हणाले.

"आणि माझ्या हाताशी साखळी पाहिजे. रेल्वेत मला झोप लागते ती डोक्यावर साखळी दिसती म्हणून. तुम्ही चालवणार आणि मी साखळीशिवाय बसणार, हे व्हायचं नाही."

शेषरावांना भरून आलं. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांच्या खात्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द होता. त्यांनी लाल मुठीची अस्सल साखळी बसवली. ओढली की झडप उघडणार, हवा सुटणार, गाडी थांबणार. मग नियमाप्रमाणं ड्रायव्हरनं खाली उतरायचं, मागं जाऊन बंपरजवळच्या भोकात चौकोनी किल्ली फिरवून झडप बंद करायची, आणि टाकी भरेपर्यंत सात मिनिटं थांबायचं. हे काम सीटवर बसूनही करता आलं असतं. पण मग साखळीचा मान काय राहिला?

रविवारी बरोबर साडेनऊला गाडी निघाली. मागं बर्थवर नऊवारीत रत्नमालाबाई, मांडीवर करंज्यांचा डबा. वाटेत अर्धा तास, असा शेषरावांचा हिशेब. फाटकापासून दहा पावलं गेली असतील नसतील, तोच फुस्स करून गाडी थांबली.

"काय झालं?"

"काही नाही. लागतो का बघितलं."

शेषराव उतरले, किल्ली फिरवली, सात मिनिटं थांबले. गल्लीच्या टोकाला पुन्हा फुस्स.

"आता काय?"

"गॅस बंद केलाय का ते आठवेना."

"मग मागं फिरू?"

"नको. आता आठवलं. केलाय."

लग्नानंतर चाळीस वर्षांत शेषराव बायकोच्या सांगण्यावरून एकदाही कुठं थांबले नव्हते. बाजारात ते पुढं आणि ती मागं. आता नुसता हात वर केला की दीड टन लोखंड जागच्या जागी उभं राहत होतं. माणसाला एवढी सत्ता एकदम मिळू नये. सांगानेरच्या वळणावर कोवळ्या काकड्या दिसल्या म्हणून साखळी ओढली गेली. त्या हातगाडीवर महाग निघाल्या, म्हणून पुढच्या हातगाडीपाशी पुन्हा. मग एका देवळावरून जाताना हात जोडायचे राहिले म्हणून. शेषराव प्रत्येक वेळी घड्याळ बघत, किल्ली फिरवत आणि मनातल्या मनात गाडी किती मिनिटं लेट झाली ते म्हणत. पावणेअकरा वाजले तेव्हा ते टोंक रोडला लागले.

तिथं बसथांब्यावर भागुबाई उभ्या होत्या. रेल्वे क्वार्टरमधल्या जुन्या शेजारणी, त्याही साखरपुड्यालाच निघालेल्या. अर्थात फुस्स.

"अगं बाई," आत चढत भागुबाई म्हणाल्या, "हा तर आपला डबा. रत्नमाला, तू तर घरचीच गाडी सोडली की."

"बसा ऐसपैस. रिझर्वेशन लागत नाही."

भागुबाईंच्या हातात पिशवी होती. तीत रुचिताला द्यायची पितळी समई, चांगली पाच किलोची. आता ज्या बाईनं सारं आयुष्य रेल्वेच्या पासावर प्रवास केला, ती डब्यात शिरल्यावर पहिलं काय करते? पिशवी अडकवायला जागा शोधते. भागुबाईंना डोक्यावर लाल मूठ दिसली. पुढच्या चौकात, अगदी मध्यभागी गाडी आली असताना, त्यांनी पिशवी तिथं अडकवली.

या खेपेला फुस्स झालं नाही. समईच्या वजनानं झडप अशी उघडली की सापानं आयुष्यभराचा राग एका दमात काढावा तसा आवाज आला. चाकं जाम. शेषराव धावत मागं गेले, किल्ली घातली, जोर लावला. कट्ट. अर्धी किल्ली त्यांच्या हातात राहिली, अर्धी गाडीत.

चारी बाजूंनी वाहनं तुंबली. हॉर्न असे वाजू लागले की बोलणं ऐकू येईना. वाहतूक पोलीस आला. बिचारा सभ्य होता.

"बाबूजी, गाड़ी साइड में लो. धक्का लगवा दूँ?"

"धक्के से नहीं हिलेगी," शेषराव अभिमानानं म्हणाले. "यही तो इसकी ख़ूबी है."

दहा जणांनी धक्का दिला. गाडी हलली नाही, दहापैकी तिघांच्या चपला मात्र तुटल्या. एका उंटगाडीवाल्यानं आपला उंट जोडून पाहिला. उंटानं एकदा ओढलं, एकदा मान वळवून गाडीकडं नीट पाहिलं, आणि सरळ खाली बसून रवंथ करू लागला. आता चौकात हलणार नाहीत अशा दोन गोष्टी झाल्या.

सव्वाअकरा झाले. शेषराव मागच्या खिडकीशी आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"रत्ना, रिक्षा बोलावतो. तू हरली नाहीस, मी हरलो. सोमवारी सांग भंगारवाल्याला."

रत्नमालाबाई काही बोलणार तोच फोन वाजला. रुचिता होती.

"मावशी, मतलब तुम्ही कुठे पोचले? मम्मीला बोलायचं आहे, रुको."

मग सुवर्णाचा आवाज आला, गोड, तुपातला. "ताई, अगं पडली ना बंद? मी सकाळीच म्हटलं यांना, दाजींचा डबा कसला येतोय. तू संकोच नको करूस, रिक्षानं ये. नाहीतर आमची गाडी पाठवू? एसी आहे."

रत्नमालाबाईंनी फोन ठेवला. दोन वर्षं ज्या गाडीला त्या सकाळ-संध्याकाळ शिव्या देत होत्या, तिच्या बर्थवर त्यांनी मांडी घातली.

"रिक्षा नको."

"अगं पण तुझीच अट."

"अट माझी आहे ना? मग मी बघते. मी उतरणार ती सुवर्णाच्या दारात. भागुबाई, तुम्ही?"

"मी पण," भागुबाई म्हणाल्या. "मला इथं वारं चांगलं लागतंय."

पोलिसानं जवळच्या पुलाच्या कामावरची भली मोठी क्रेन बोलावली होती. तो हात जोडून म्हणाला, "माताजी, नीचे उतर जाइए. गाड़ी उठानी है."

"उठाओ," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"पर आप अंदर हैं."

"हम अंदर ही रहेंगे. लेके कहाँ जाओगे?"

"ट्रांसपोर्ट नगर के पास, यार्ड में."

"रस्ते में आदर्श नगर पडता है. पहले वहाँ."

पोलिसानं चौकाकडं पाहिलं. तुंबलेली वाहनं आता विमानतळापर्यंत पोचली होती म्हणतात, आणि उंट अजून बसलेलाच होता. त्यानं कपाळावर हात मारून क्रेनवाल्याला खूण केली. पट्टे गाडीखालून गेले, आणि किरमिजी ॲम्बॅसेडर दोन बायका, करंज्या, काकड्या आणि समई यांच्यासह अलगद आकाशात चढली.

अशी वरात जयपूरनं पाहिलेली नव्हती, आणि राजेरजवाड्यांचं शहर आहे, हे लक्षात घ्या. पुढं मोटरसायकलवर पोलीस शिट्टी वाजवत. मागं क्रेन, बैलाच्या चालीनं. तिच्या हुकाला झुलणारी गाडी, खिडकीतून बाहेर बघत बसलेल्या दोघी. दुसऱ्या मजल्यावरच्या बायका गॅलरीतून त्यांना नमस्कार करत होत्या, आणि भागुबाई त्यांच्याशी दोन शब्द बोलतही होत्या. क्रेनच्या पुढं शेषराव हातात हिरवा रुमाल धरून चालत होते. घड्याळात अकरा चाळीस. अकरा पन्नास. अकरा पंचावन्न.

आदर्श नगरात सुवर्णाच्या अंगणात मांडव सजला होता, नवऱ्याकडची मंडळी खुर्च्यांवर बसली होती. फाटकातून क्रेन आत जाईना. तेव्हा क्रेनवाल्यानं दांडा लांब केला आणि गाडी भिंतीवरून आत घेतली. मांडवाच्या मधोमध, जिथं नवरा-नवरीचा कोच ठेवायचा होता, तिथं ती टेकली. बाराला दोन मिनिटं कमी होती. रत्नमालाबाईंनी दार उघडलं, पदर सारखा केला, आणि बहिणीच्या हातात करंज्यांचा डबा दिला.

"घे. तुमची गाडी पाठवायचं म्हणत होतीस ना? तेल वाचलं तुझं."

सुभेदार रणजीत पुढं आले. माणूस शिस्तीचा, त्यांना ती अट सुवर्णाकडून कळली होती.

"ताई, हे धरता येणार नाही. चाकं रस्त्याला लागलीच नाहीत. गाडी आली नाही, आणली."

शेषरावांनी खाली बघितलं. ते खोटं बोलणारे नव्हते. "बरोबर आहे त्यांचं," ते म्हणाले. "मी हरलो."

"तुम्ही गप्प बसा," रत्नमालाबाई म्हणाल्या. "काय ठरलं होतं? मला या गाडीतून सुवर्णाच्या दारात उतरवायचं. मी उतरले का? उतरले. रिक्षा केली का? नाही केली. गाडी राहील."

शेषरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला त्यांनी हिरवा रुमाल वर नेला, आणि क्रेनवाल्याला वाटलं, निघायची खूण झाली. पुलावरून त्याला केव्हाचे फोन येत होते. त्यानं पट्टे सोडले आणि क्रेन घेऊन निघून गेला. शेषराव पोलिसामागं धावले.

"गाड़ी यार्ड में नहीं ले जाओगे?"

"अब सड़क पर नहीं है, बाबूजी," पोलीस म्हणाला. "घर के अंदर है. मेरा केस ख़त्म." आणि तोही गेला.

साखरपुडा गाडीभोवतीच झाला. कोचाला जागा नव्हती म्हणून नवरा-नवरी बर्थवर बसली, आणि फोटो म्हणे फार सुंदर आले. पाहुणे जेवून घरी गेले. मांडव उतरला. गाडी हलली नाही. तुटलेली किल्ली आत, चाकं जाम. पुन्हा तशी क्रेन मिळेना, मिळाली तर पुलाचं काम सोडून कुणी येईना. सुवर्णाच्या अंगणात ती आज चौथा महिना उभी आहे. प्रताप नगरातल्या अंगणात मात्र बोटभर जागा मोकळी नाही. सगळीकडं कुरडया आहेत.

शेषराव रोज सकाळी साडेआठला जेवणाचा डबा आणि पाने घेऊन बसनं आदर्श नगरला जातात, दिवसभर गाडीखाली पडून झडप खोलतात, आणि संध्याकाळी सहाला काळे हात घेऊन परत येतात. भागुबाई परवा विचारत होत्या, गाडी कधी सुटणार म्हणून. रत्नमालाबाईंनी कुरडई उलटवली.

"घाई काय आहे?" त्या म्हणाल्या. "रिटायर होऊन सहा वर्षं माणूस घरात बसला होता. आता कुठं पुन्हा ड्यूटीवर जायला लागलाय."