माझ्याच मापाची खोळ

तुमचं नाव मी विसरेन, चेहरा विसरेन, पण तुम्ही माझ्यासमोर एकदा मनापासून जांभई दिलीत की तुमचा जबडा विसरणं नाही! तीस वर्षं कवळ्या बनवतोय, चेष्टा आहे का? रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की मी मनात म्हणतो, वरची कवळी आपली, खालची परकी. फोटो काढताना लोक फोटोवाल्याकडे बघतात, मी लोकांच्या दाढांकडे बघतो. तेव्हा एवढ्या मोठ्या कारागिराला स्वतःच्या तोंडापुरती एक वस्तू बनवता येऊ नये, असं तुम्हाला तरी वाटेल का?

मलाही वाटलं नव्हतं.

त्याचं काय झालं, मी घोरतो. म्हणजे, असं बायकोचं म्हणणं. मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी तिनं एकदा फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. मी म्हटलं, "हा पंप कुणाचा बिघडलाय?" तिनं नुसतं माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी मला झोपेच्या डॉक्टरांपुढे नेऊन उभं केलं. त्यांनी अंगभर वायरी चिकटवून मला झोपवलं आणि सकाळी हातात कागद दिला. तासाला अडतीस वेळा माझा श्वास अडकतो म्हणे!

"याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "हे मशीन न्या, हा मास्क लावा. हवा आत जात राहील, श्वास अडकणार नाही. त्रास झाला तर परत या."

मास्क म्हणजे नाकातोंडावर बसणारी रबरी वाटी, डोक्याला चार पट्टे आणि वाटीतून निघालेली हातभर नळी. लावून आरशात बघितलं तर मीच दचकलो. झोपलो तर हवा फुसकन डोळ्यांत! कूस बदलली की नळी गळ्यात, पट्टा सैल केला की वाटी कपाळावर, घट्ट केला की सकाळी गालावर रेल्वेचे रूळ. तीन दिवस कसेबसे काढले. चौथ्या दिवशी मास्क कपाटात गेला आणि बायको उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

"इलाज करून झोपाल त्या दिवशी उशी आत आणीन," ती म्हणाली. "कळलं का, अहो?"

आमच्यात एरवी अरे-तुरे असतं. 'अहो' निघालं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

मीही काही कमी नाही. म्हटलं, एवढ्याशा आवाजाला घाबरून जायचं तर जा! पण खरं सांगू? अख्खा पलंग मोकळा मिळूनही मी आपला कडेलाच झोपत होतो. तीस वर्षांची सवय! पाठीमागची जागा थंडगार लागायची आणि माझा मलाच राग यायचा.

अशात आमच्या समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी बोलता बोलता सांगितलं, "काही लोकांना मास्कऐवजी दातांवर घालायची खोळ चालते. ती खालचा जबडा पुढे धरते, घशाची वाट मोकळी राहते. पण सगळ्यांना नाही हं चालत! आधी झोपेच्या डॉक्टरांना विचारा, मग माझ्याकडे नीट माप..."

'खोळ' या शब्दानंतरचं मी काहीही ऐकलं नाही. दातांवर घालायची खोळ! अहो, हा तर माझा घरचा धंदा! खाली कारखाना, वर घर. दोन दिवसांत खोळ बनवतो, तिसऱ्या दिवशी बायको उशीसकट परत!

अडचण एकच होती, माप. माप घ्यायच्या मऊ मसाल्याचा ट्रे आपल्या तोंडात आपणच दाबला की माप वाकडं येतं. मॅडमना सांगावं तर त्या पुन्हा उपदेश करणार. आणि कारखान्यात माप घेणारं दुसरं माणूस म्हणजे बायको. ती सध्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. आणि तेवढ्यात मला मास्तरांचं खोकं आठवलं.

मास्तर म्हणजे आमचे गुरू. एक खोली, एक खिडकी आणि आम्ही दोन शिकाऊ, मी आणि ही. प्लास्टरची इतकी धूळ की संध्याकाळी आम्ही दोघं पांढऱ्या केसांनीच बाहेर पडायचो. दारात उभं राहून एकमेकांची डोकी झटकायचो की पुन्हा तरुण! आता झटकून काही उपयोग होत नाही, पण कारखाना बंद करताना माझा हात अजूनही तिच्या डोक्याकडे जातो.

सवय व्हावी म्हणून मास्तर आम्हाला एकमेकांची मापं घ्यायला लावायचे. हिचा वरचा उजवा सुळा जरा पुढे आणि तिरका होता, अजूनही आहे. ही हसायच्या आधी तो हसायचा! त्या सुळ्यापायी मी आठ महिने झुरत होतो. पण विचारणार कधी? ही बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायलाही फट मिळायची नाही. एक दिवस मी तिच्या तोंडात ट्रे बसवला. मसाला घट्ट व्हायला तीन मिनिटं, तोवर बोलायची सोय नाही. म्हटलं, गड्या, हीच वेळ!

"माझ्याशी लग्न करशील?"

तिचे डोळे हे एवढे झाले आणि तिनं उजवा हात वर केला. मी धावत सुटलो! मास्तरांना सांगितलं, शेजारच्या घड्याळवाल्याला सांगितलं, चहावाल्याला सांगितलं. परत येतो तर ही तोंड पुसत उभी. म्हणाली, "मला उलटी येत होती, मूर्खा! तसराळं मागत होते!"

लग्न झालं, पण ती आजही चारचौघांत ऐकवते, "मी काही हो म्हटलेलं नाही."

त्या दिवसांतले आमच्या जबड्यांचे साचे मास्तरांनी बुटांच्या खोक्यात घालून लग्नात आहेर म्हणून दिले होते. खोकं माळ्यावर होतं. उघडलं तर आत एकच साचा, वरचा आणि खालचा जबडा. दुसरा कुठे गेला याचा विचार करायला मला वेळ नव्हता. आपल्याला हवा तेव्हा मिळालेला साचा आपलाच, नाही का?

चष्मा राहिला होता बाहेरच्या खोलीत, म्हणजे शत्रूच्या मुलखात. तो आणायला जाणं म्हणजे माघार! तसाच कामाला बसलो. मसाल्यात हवा राहिली की प्लास्टरवर फुगीर गाठ येते, तिला आम्ही बुडबुडा म्हणतो आणि घासून टाकतो. या साच्यात वर उजवीकडे भला मोठा बुडबुडा! म्हटलं, मास्तरांनी तेव्हाच हिचा कान पिळायला हवा होता. कानस घेतली आणि घासून गुळगुळीत केला. मग प्लास्टिकचा पत्रा तापवून, दाबून, खालचा जबडा पुढे ओढून अशी झकास खोळ बनवली की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली.

दुपारी एक ते तीन कारखाना बंद असतो. म्हटलं, डुलकी काढून चाचणी घेऊ. खोळ जाईना. जरा लहान वाटली. म्हटलं, वयानं जबडा भरला असेल. गरम पाण्यात मऊ केली आणि दोन्ही अंगठे लावून दाबली. खट्! बसली! काय पकड होती, वा!

पाच मिनिटांनी काढायला गेलो तर पकड तशीच. खोळ थंड होऊन दातांना चिकटली होती. ओढली, हलवली, वाकून ओढली. दातांच्या मुळाशी कळा! तोंड बंद, जबडा पुढे, लाळ हनुवटीवर. आरशात बघितलं तर मी साक्षात बोंबील!

तेवढ्यात दारावर थाप पडली. शेजारचे पेन्शनर आजोबा, हातात मोडलेली कवळी, तोंडाचं बोळकं.

"फुफुफ फावी फिफफी फोफी?" आजोबांनी विचारलं.

"अंअं हंहं!" मी म्हटलं.

"फाय फफफा?"

"हंऽऽऽ!"

आजोबा भडकले. त्यांना वाटलं, मी त्यांची नक्कल करतोय! काठी आपटत ते जिन्यापाशी गेले आणि वरच्या दिशेनं तक्रार केली. ही खाली आली. एकाला दात नाहीत आणि एकाला जास्त झालेत, हे तिला एका नजरेत कळलं. मला वाटलं हसेल, पण ती पांढरीफटक पडली.

"श्वास येतोय ना? नाकानं घे! घेतोयस का? मान हलव!"

मी मान हलवली. तिनं आजोबांना खुर्चीत बसवलं, रस्ता ओलांडून गेली आणि जेवत्या ताटावरून डॉक्टर मॅडमना ओढून आणलं.

मॅडमनी बारीक चक्रीनं खोळ कापायला घेतली. वरचा एक तुकडा निघाला, तसा त्यांनी माझ्या दातांना लावून बघितला आणि थांबल्या.

"कुणाच्या मापावर बनवलीत ही?"

मी छाती बडवून दाखवली. माझ्याच!

"शक्य नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी बाकावरचा साचा उचलला. "हा जबडा तुमच्यापेक्षा केवढा अरुंद आहे! आणि खालचा मुळातच मागे आहे. ज्या कुणाचा असेल ते माणूस घोरत असणार बघा."

बायकोनं साचा हातात घेतला, उलटा केला. तळाशी नखानं कोरलेलं छोटंसं फूल होतं.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "तुझा तू कारखान्याची जागा बदलताना पाडून फोडलास. मी आपला हा जपून ठेवला होता." मग मॅडमकडे वळून म्हणाली, "पण मी नाही हो घोरत!"

खरं सांगतो, माझं तोंड अजून अर्धं बंद होतं. पण मान मोकळी होती. घोरतेस, घोरतेस, असं सांगत ती मी इतक्या जोरात हलवली की मॅडमची चक्री निसटली! तीस वर्षं मी ब्र काढला नव्हता. सुरुवातीला तर वाटायचं, उशाशी मांजर घुरघुरतंय. मला ते आवडायचं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचं बोट साच्यावर उजवीकडे गेलं, गुळगुळीत जागेवर.

"माझा सुळा कुठेय?"

शेवटचा तुकडा निघाला होता. आता मला बोलता येत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, येत नसतं तर बरं झालं असतं.

"मला वाटलं... बुडबुडा आहे."

आजोबांनी आपली मोडकी कवळी हळूच खिशात घातली.

"तीस वर्षं तुझ्यासमोर हसतेय मी," ती म्हणाली. "आणि अहो, बाहेरच्या खोलीत मी आवाजामुळे नाही गेले. आवाज चालू असला की मला झोप लागते. तो थांबतो ना, तेव्हा मी उठून बसते. मोजत बसते. एकदा तेवीसपर्यंत मोजलं. मला नाही सहन होत ते."

साचा पदराला पुसत ती वर निघून गेली. मी जगातला सगळ्यात मोठा गाढव आहे हे मला माहीत होतं, पण त्या दिवशी पटलं.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन झोपेच्या डॉक्टरांकडे गेलो, हिलाही नेलं. माझ्यासारख्या केसला खोळ पुरणार नाही, हवाच लागणार, ते म्हणाले. मग त्यांनी खणातून एक लहानसा मास्क काढला. वाटी नाही, नुसती नाकपुड्यांखाली टेकणारी दोन मऊ बोंडं आणि एक पट्टा.

"हे आधी का नाही दिलंत?" मी विचारलं.

"त्रास झाला तर परत या म्हटलं होतं. तुम्ही आलातच कुठे?"

आता बोला! महिनाभर चाललेली लढाई, आणि हत्यार त्यांच्या खणात! त्या बोंडांनी मला पहिल्याच दिवशी झोप लागली. आणि हिची तपासणी झाली. निघाला की आजार, पण अगदी सौम्य! म्हणाले, हिला दातांवरची खोळ चालेल. म्हणजे मास्कला आरामशीर पर्याय मी शोधला होता, तोही अचूक मापाचा. फक्त माणूस चुकला.

मी बोंडं लावून झोपत होतो, तरी उशी काही आत आली नव्हती. सुळ्याचं दुःख मोठं होतं. मॅडम म्हणाल्या, वहिनींचं माप तुम्हीच घ्या, चष्मा लावून.

तर काल दुपारी ही खुर्चीत बसली, मी मसाला कालवला, ट्रे बसवला. खिडकीतून ऊन येत होतं, तिच्या केसांवर थोडं प्लास्टर होतं की तसेच होते, कुणास ठाऊक. तीन मिनिटं. पुन्हा म्हटलं, गड्या, हीच वेळ!

"चुकलो," मी म्हटलं. "सुळा तुझा आहे, डोळे माझे फुटके. आज उशी आत आणशील?"

तिचे डोळे मोठे झाले. तिनं उजवा हात वर केला.

या वेळी मी तीस वर्षांचा अनुभवी माणूस होतो! एका ढांगेत मोरीपाशी गेलो, तसराळं उचललं, धावत आलो आणि तिच्या हनुवटीखाली धरून म्हणालो, "कर, कर, मोकळी हो!"

तिनं ट्रे उपसून काढला.

"या वेळी मी हो म्हणत होते, गाढवा!"

उशी आत आली. फक्त एक झालं. या सगळ्या गोंधळात माप जरा हललं, आणि नव्या साच्यात वर उजवीकडे दोन उंचवटे आलेत. एक सुळा आहे आणि एक बुडबुडा. चष्मा लावून, दिवा जवळ घेऊन मी सकाळपासून बघतोय. कोणता कुठला ते मला पक्कं कळलंय, शपथ! तरीपण कानस खाली ठेवली आहे. ती जेवून खाली आली की आधी तिला हसायला सांगतो.