कादरचाचाची आयर्लंडची गाणी

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, अक्षरही वेडंवाकडं, चालवून घ्यावं. पण आमच्या आष्टीत कादरचाचा आयर्लंडची गाणी म्हणायचा, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

चाचा तरुणपणी नगरच्या छावणीत भिस्ती होता. गोऱ्या पलटणीला पाणी पाजता पाजता आयर्लंडच्या दोन शिपायांकडून त्यानं दोन गाणी उचलली. दोन्ही एकाच लढाईची. नदीकाठी दोन राजे लढले. एका गाण्यात जिंकल्याचा जल्लोष, दुसऱ्यात हरल्याचं दुःख. शब्द चाचालाही कळत नव्हते. पण लग्नकार्यात कमरेवर हात ठेवून, डोळे मिटून तो दोन्ही म्हणायचा. एकामागून एक. एकटं कधीच नाही.

माझे वडील मुद्दाम विचारायचे, "चाचा, दोघांतला खरा राजा कोन?"

"जे गाणं चालू हाय, त्यातला!"

"आन् दुसरं सुरू झाल्यावर?"

"मंग त्यातला. अण्णा, तुमाला निवाडा पायजे, मला गाणं पायजे."

चाची म्हणायची, "दोन बोकडं एका दाव्याला बांधल्यागत वरडतंय!"

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी पोलिसांच्या अमीनसाहेबांनी चाचाला बोलावलं. साहेब नवे होते. हरलेले लोक गाण्यात गादीवरच्या राजाला शिव्या देतात, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. निजामाच्या मुलखात तेवढं पुरे. हुकूम झाला, "जिंकल्याचं म्हण. दुसरं म्हटलंस तर कोठडी."

चाचा आमच्या ओसरीवर येऊन बसला. मी म्हटलं, "एकच म्हणा की. कुणाला काय कळतंय?"

"गंगूबेटी, ते दोघं शिपाई रोज हौदापाशी भांडायचे. याचं गाणं सरलं की तो आपलं सुरू करायचा. मंग हरल्याचं गाणारा तापानं गेला. मातीच्या दिवशी सांजंला दुसरा माझ्याकडं आला. म्हनला, 'त्याचं गाणं माझ्या तोंडातून न्हाई निघायचं. तू म्हण.' मी म्हनलं. मंग त्यानं आपलं म्हनलं. तवापासून एकाला सोडून दुसरं न्हाई."

"मग उद्या?"

"उद्याचं उद्या."

लग्नात पंगती उठल्यावर चाचा उभा राहिला. अमीनसाहेब पुढंच पान चघळत बसले होते. चाचानं जिंकल्याचं गाणं म्हटलं. लोकांनी वाहवा केली. पण तो खाली बसेना. हात कमरेवर, डोळे मिटलेले, ओठ बंद. पायाचा अंगठा तेवढा ठेका धरत होता.

"ये क्या है?" अमीनसाहेब म्हणाले.

"गप उभा हाय, साब," वडील म्हणाले. "गप ऱ्हायाला तर मनाई न्हाई ना?"

साहेब पुन्हा पान चघळू लागले. मांडवातला गलका हळूहळू बसला. लहानपणापासून ऐकलेलं ते हरल्याचं गाणं; कुठं चढतं, कुठं चाचा श्वास घेतो, सगळं कळत होतं. शेवटच्या कडव्यात त्याचा आवाज नेहमी फाटायचा. तिथं त्याच्या गळ्याची घाटी हलली.

मग त्यानं डोळे उघडले, आणि बायकांतून चाची एकटीच म्हणाली, "वाहवा!"