तांबूस सोनेरी लॅपटॉप

डोळे बांधून कुठलीही वस्तू हातात द्या, नुसत्या वजनावरून ती किती वर्षं टिकेल ते सांगतो, असं हनमकोंड्याच्या चौकात पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा कोमुरय्या छातीठोकपणे सांगत असे. त्यामुळे लेकीला हैदराबादच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि लॅपटॉप घ्यायची वेळ आली, तेव्हा त्याने कुणाला काही विचारलंच नाही.

हिमबिंदूला वहीएवढा पातळ, तांबूस सोनेरी रंगाचा लॅपटॉप आवडला होता. बजेटमध्येही बसत होता. कोमुरय्याने त्याचं झाकण अंगठ्याने दाबून पाहिलं.

"वाकतंय. पापड आहे हा."

"नान्ना, त्याच्यावर कुणी बसणार नाहीये."

"वसतिगृहात कोण कशावर बसेल, सांगता येतं का?"

मग त्याने एक काळा, जाडजूड, पाट्यासारखा वजनदार लॅपटॉप उचलला आणि दोनदा तोलून पाहिला. "हा घे. तुझ्या मुलांनाही पुरेल."

दुकानदार श्रीपतीने बिल केलं.  घरी जेवताना हिमबिंदूने एवढंच म्हटलं, "चांगला आहे."

ती उठून गेल्यावर तिची आई सुगुणा म्हणाली, "चांगला म्हणाली ना? म्हणजे मनातून पार उतरलाय."

कोमुरय्याने हातातला घास ताटात परत ठेवला. लेकीने आजवर हट्टाने काही मागितलं नव्हतं. मागितलं तर रंग मागितला, आणि रंगाचं काम तर त्याच्या दुकानात रोजचं. हिमबिंदू मैत्रिणीच्या लग्नाला गेली तशी त्याने पंख्याच्या पात्यांना मारायचा तांबूस सोनेरी फवारा काढला, बटणांवर रंग उडू नये म्हणून त्यांना चिकटपट्टी लावली आणि काम उरकलं. झाकण नवरीसारखं झळकू लागलं. चिकटपट्टी ओढली तेव्हा मात्र तिच्यासोबत सहा बटणंही उपटून आली. कुठलं अक्षर कुठे होतं, हे त्याला काय ठाऊक! त्याने ती एबीसीडीच्या क्रमाने नीट बसवून दिली. कारखान्यातल्यापेक्षा ही मांडणी बरी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

हिमबिंदूने रंग पाहिला आणि बापाच्या गळ्यात पडली. तो आनंद दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. वसतिगृहाचा ऑनलाइन अर्ज भरायला संध्याकाळी पाचपर्यंतचीच मुदत होती. मूळ कागदपत्रं कॉलेजात जमा होती, त्यांच्या प्रती लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉप पासवर्ड घेईना. एकेक बटण शोधून ती आपलंच नाव टाकत होती, आणि दर वेळी ते चुकीचं ठरत होतं.

"रंगाने काही झालं असेल का, नान्ना?"

"रंगाने पंखा बंद पडलेला पाहिलास कधी? मशीनच खराब दिलंय त्याने."

साडेचारला दोघं श्रीपतीच्या दुकानात पोचली. श्रीपतीने लॅपटॉपकडे हात पुढे केला, पण कोमुरय्याने तो छातीशी धरून ठेवला. आधी गिऱ्हाइकांसमोर त्याची लाज काढली, मग पैसे परत मागितले, मग ग्राहक न्यायालयाचं नाव घेतलं. हिमबिंदू मधूनमधून म्हणत होती, "नान्ना, त्यांना बघू तर द्या." पाचला दोन मिनिटं असताना त्याला धाप लागली, तेव्हा कुठे श्रीपतीला लॅपटॉप मिळाला.

त्याने पासवर्ड विचारला, आणि तिच्याकडे बघतच बोटं सवयीने फिरवली. लॅपटॉप उघडला.

मग त्याने खाली पाहिलं. "ही अक्षरं कुणी लावली?"

कोमुरय्या स्वतःच्या चपलांकडे पाहू लागला. त्याने अदलाबदल केलेल्या अक्षरांत तीन नेमकी तिच्या नावातली होती. ती वसतिगृहाच्या पानावर पोचली तेव्हा पाच वाजून तीन मिनिटं झाली होती आणि पान बंद झालं होतं.

हिमबिंदू चिडली नाही. चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आता हैदराबादेत राहायला एकच घर उरलं, उप्पलचं. तिथे त्याची थोरली बहीण ऐलम्मा राहायची. मिक्सरच्या एका दुरुस्तीवरून दोघांचं चार वर्षं बोलणं बंद होतं. तीनदा नंबर लावून कापल्यावर चौथ्यांदा त्याने फोन वाजू दिला आणि, न विचारताच, चिकटपट्टीपासून सगळं सांगून टाकलं.



"पोरीला आजच पाठव," ऐलम्मा म्हणाली. "तू येऊ नकोस. माझ्या घरात अजून काही वस्तू चालू आहेत."

म्हणून कोमुरय्या लेकीला पोचवायला फक्त बसस्टँडपर्यंत गेला.