जोडशिंक

धोंडूनाना शिंकले की आमची आळी जागच्या जागी थांबायची. बैल जुंपलेली गाडी उभी राहायची, उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल आत यायचं आणि मुरबाडला निघालेला माणूस तोंडातल्या तोंडात शिव्या घालत ओटीवर बसून घोटभर पाणी प्यायचा. इतर गावांत काम बिघडलं की लोक विचारतात, माशी कुठे शिंकली. आमच्या वैशाखऱ्यात हा प्रश्न कुणी विचारत नसे. कोण शिंकलं ते सगळ्यांनी ऐकलेलं असे.

शिंक तरी कसली! बोलता बोलता नाना मधेच गप्प व्हायचे. डावा डोळा मिटायचा, हात वर जायचा आणि ते म्हणायचे, "थांब रे, हा आला." हा म्हणजे नाक. वाटणीवरून भांडण चाललेल्या चुलतभावाशी बोलावं तसे नाना स्वतःच्या नाकाशी बोलत. "बस आत, मेल्या. माणसं बसलीत, दिसत नाय का तुला?" नाक ऐकायचं नाही. मग जो आवाज व्हायचा, त्याने वळचणीखालच्या कोंबड्या अंगणापार जायच्या.

नियम सगळ्या गावाला पाठ होता. एक शिंक अपशकुनाची, दोन शकुनाच्या. दुसरी आली की जोड झाली, पहिलीचा दोष गेला, खुशाल निघा. आणि नानांना जन्मात दुसरी शिंक आली नाही. एक शिंकले की नाक मोकळं, चेहरा शांत, आणि भोवताली खोळंबलेले आम्ही.

हे सगळं फक्त थंडीचं. दिवाळी सरली, माळशेजच्या बाजूने वारा उतरायला लागला की नानांची सर्दी सुरू, ती थेट होळीला थांबायची. नेमके तेच दिवस भाताच्या झोडणीचे. मुरबाडच्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं की तुम्हाला पेंढ्याची धूळ बाधते, त्यात गार वारा, दोन्ही टाळा. नाना दवाखान्यातून जे तणतणत आले ते फाट्यापर्यंत बोलतच होते. "भात माझा, पेंढा माझा, खळा माझा. घरच्या पेंढ्याची बाधा होते व्हय कुणाला? उद्या म्हनंल बायकोची बाधा होते." पारूवहिनी मागून चालत होत्या. त्या म्हणाल्या की होत असेल, डॉक्टरला विचारायला हवं होतं.

नानांचा राग कायम नाकावर, आणि शिंकही तिथेच, त्यामुळे त्या दोघांची जागेवरून रोज मारामारी. सकाळी फाट्यावर किसनच्या चहाच्या टपरीशेजारी शेकोटी पेटायची. मी मुरबाडच्या कारखान्यात कामाला, पहिल्या एसटीची वाट बघत तिथे उभा असायचो. दूध घालायला आलेले, रात्रपाळी करून परतलेले, सगळे हात शेकत. नाना येऊन बसले की उपचार सुरू. कुणी सांगे अडुळशाचा काढा घ्या, कुणी ओव्याची पुरचुंडी हुंगा, कुणी लसूण भाजून खा. नाना प्रत्येकावर खेकसत आणि घरी जाऊन ते सगळं एकाच दिवशी करत. एकदा काढा, ओवा, लसूण आणि नीलगिरीची वाफ असं सगळं करून ते शेकोटीवर आले तेव्हा त्यांच्या शेजारी कुणाला बसवेना. "आता का लांब सरकता रे? तुमीच सांगितला ना?" म्हणून आम्हालाच बोलून घेतलं.

त्याच सकाळी त्यांच्या घोंगडीचं टोक विस्तवात गेलं. लोकर जळल्याचा वास सगळ्यांना आला, नानांना सोडून. नाक चोंदलेलं. "काय जाळता रे हे, रबर का काय?" असं वरती ते आम्हालाच विचारत होते, कारण धूर डोळ्यांत जात होता. किसनने चहाचं आधण त्यांच्या घोंगडीवर ओतलं. नानांनी चहा वाया घालवल्याबद्दल किसनला फैलावर घेतलं.

मला त्यांचा राग यायचा तो वेगळ्याच कारणाने. त्यांच्या शिंकेमुळे माझी एसटी चुकलेली आहे, एकदा नाही, अनेकदा. माझी आई तर नानांचा आवाज आला की मला हाताला धरून खाली बसवायची. पण माझा राग शिंकेवर नव्हता. या माणसाचा स्वतःचा त्या भाकडकथेवर सगळ्यात जास्त विश्वास होता, त्यावर होता. शिंक आली की सगळ्यांच्या आधी नानाच ओरडत, "बस रे सुऱ्या, बस. पानी पी." मी म्हणायचो, नाना, सर्दी आहे ती, सर्दीला कसला शकुन आणि कसला अपशकुन. ते डोळे वटारत. "तू बस म्हंतो ना मी." असं म्हणून वर पाण्याचा तांब्या स्वतः आणून द्यायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

मग मंदाचं पहिलं स्थळ आलं. मंदा ही नानांची एकुलती एक मुलगी, मुरबाडला बारावीपर्यंत शिकलेली, बोलायला बापासारखी. मुलगा शेणव्याचा होता. बघणं झालं, पसंती झाली, देण्याघेण्याचं बोलणंही गोडीत उरकलं. सुपारी फोडायला ते लोक मार्गशीर्षात आले. सुपारी फुटली की लग्न ठरलं, मग शब्द फिरत नाही. मुलाच्या चुलत्याने अडकित्त्यात सुपारी धरली आणि नानांचा डावा डोळा मिटला. त्यांनी नाक दाबलं, उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला, चेहरा लालबुंद झाला, आणि तरीही शिंक आलीच. कोंडून धरल्यामुळे नेहमीपेक्षा मोठी आली.

चुलत्याने अडकित्ता खाली ठेवला. सगळे दुसरीची वाट बघत बसले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. नाना नाकाची पाळी चिमटत होते, नाकात उपरण्याचं टोक घालत होते, छपरातून आलेल्या उन्हाच्या कवडशाकडे डोळे फाडून बघत होते. दुसरी आली नाही. चुलता म्हणाला, कळवतो. त्यांनी कळवलं नाही.

त्यानंतर नानांनी शुभकार्याला जाणं सोडलं. बारसं नाही, तुळशीचं लग्न नाही, सत्यनारायण नाही. पौष सोडला तर थंडीत कार्यं भरपूर असतात, आणि आमंत्रण द्यायला कुणी आलं की नाना अंगावर धावून जायचे. "मना फुरसत नाय. काय कामधंदे नायत का तुमाला?" लोक म्हणायला लागले, धोंडूला माज आला. काही जणांनी बोलावणं बंद केलं, आणि मला ठाऊक आहे की त्यांना मनातून बरंच वाटत होतं. याच लोकांच्या झोडणीला नाना आपलं काम टाकून जात. धुळीत उभे राहून भारे झोडत, घरी येऊन रात्रभर खोकत. तेव्हा कुणाला अपशकुन आठवला नाही. अजून लिहिताना माझं डोकं फिरतं.

जोडशिंकेची युक्ती किसनची. त्याची आई तपकीर ओढायची. एका सकाळी मी एसटीत पाय ठेवणार तोच नाना शिंकले, आणि किसनने टपरीमागून चिमूटभर तपकीर ओढून दणदणीत शिंक दिली. "जोड झाली, जा," तो म्हणाला. कंडक्टर हसला, मी चढलो. तेव्हापासून किसन खिशात तपकिरीची डबी ठेवायला लागला, आणि थोड्या दिवसांनी मीही. नाना शिंकले की आमच्यापैकी कुणीतरी शिंकायचं.

आळीतल्या सखूआजीने ताबडतोब हरकत घेतली. दुसरी शिंक त्याच नाकाची पाहिजे म्हणाली. किसनने तिला विचारलं, नांगराला उसना बैल चालतो, मग शिंक का चालत नाही? यावर शेकोटीवर बरेच दिवस वाद चालला. नाना मात्र दोघांवरही भडकले. "मना नाय पायजे तुमची उसनी शिंक. भिकारी हाय का मी?" असं म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून किसनच्या अगदी लगत बसायला लागले.

दोन वर्षांनी दुसरं स्थळ आलं. मुलगा उंबरमाळीकडचा, शहापूरला मोटार रिवाइंडिंगचं स्वतःचं दुकान. मुलगा चांगला, मंदाला आवडलेला. सुपारीचा दिवस ठरला माघातला. मी आणि किसन म्हणालो, नाना, आम्ही दोघं तुमच्या दोन बाजूंना बसतो, काळजी करू नका. नाना नुसते शेकोटीतला विस्तव उकरत राहिले. इतका वेळ न ओरडलेले नाना मी प्रथमच पाहिले, आणि मला ते आवडलं नाही.

त्या सकाळी नाना घरात नव्हते. पारूवहिनी डोळे पुसत म्हणाल्या, मुरबाडला तातडीचं काम निघालं असं पाहुण्यांना सांगायचं बजावून गेलेत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी तुमची, घर तुमचं, आणि तुम्ही तोंड लपवून पळता? पाहुणे येऊन ओटीवर बसले. मुलगा, त्याचे वडील, मामा, आणि म्हातारी आजी. आजीने दोनदा विचारलं, पोरीचा बाप कुठं हाय? दोनदा आम्ही मुरबाड सांगितलं. मामा म्हणाला, बापाला आजच काम निघालं का, आणि नाकाने कांदे सोलल्यासारखं इकडेतिकडे बघत बसला.

चहासाठी लाकडं आणायला मी घरामागे गेलो. तिथे सावलीच्या बाजूला, कारवीच्या कुडाच्या भिंतीला कान लावून नाना उभे होते. कानटोपी, नाकातोंडावर मफलरची घडी आणि ती दोन्ही हातांनी दाबलेली. त्या बाजूला दुपारपर्यंत ऊन येत नाही. पायांखालचं गवत दवाने ओलं होतं आणि ते अनवाणी होते, वाजू नये म्हणून चपला काढून ठेवलेल्या. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"नाना, आत चला," मी दबक्या आवाजात ओरडलो. त्यांनी मान हलवली.

"सुपारी फुटू दे," ते मफलरमधून म्हणाले. "तिचा आवाज आईकला म्हंजे झाला. मंग जातो मी."

मी लाकडं घेऊन आत आलो ती चुलीपाशी आपटलीच. मला त्या वेळी सगळ्यांचा राग आला. नानांचा, त्या मामाचा, सखूआजीचा, शिंक मोजत बसणाऱ्या अख्ख्या गावाचा. ओटीवर येऊन किसनशेजारी बसलो तोवर मामाने सुपारी अडकित्त्यात धरली. मंदा पाटावर मान खाली घालून बसली होती.

आणि कुडामागे शिंक आली.

तो आवाज लपण्यासारखा नव्हता. पाहुणे कुडाकडे बघायला लागले. मामाने अडकित्ता खाली घेतला. किसनने घाईघाईत डबी काढून तपकीर ओढली, चिमूट नाही, मूठभर ओढली असेल. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण शिंक येईना. मी ओढली. मलाही येईना. दोघं तोंडं वासून बसलो.

तेव्हा मंदाने मान वर केली आणि मोठ्याने म्हणाली, "आक्छी."

म्हणालीच. शाळेत धडा वाचावा तसा तो शब्द स्वच्छ उच्चारला. मग म्हणाली, "झाली जोड. आता आत या, बाबा. मी तुमच्याबिगर सुपारी फोडू देनार नाय."

"ही शिंक खोटी हाय," मामा म्हणाला.

"खोटी तं खोटी," आजी त्याच्यावर खेकसली. "मानूस थंडीत उभा हाय तिथं. आधी आत बोलव त्याला, मंग शिंका मोज."

मुलगाच उठला. कुणी सांगायच्या आत घरामागे जाऊन नानांना हाताला धरून घेऊन आला. नाना ओटीवर आले तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते आणि मफलर अजून हातात धरलेला होता. कुणावर ओरडावं हे त्यांना सुचत नसावं. ते दाराजवळच बसायला लागले, तसं आजीने त्यांना हात धरून आपल्या शेजारी ओढलं आणि दचकली.

"किती गार पडलेत रे हात. कवापासून बाहेर हायस?"

नानांनी मंदाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"लय दिवस झालं, आये," ते म्हणाले.

आजीने त्यांचे दोन्ही हात आपल्या लुगड्याच्या पदरात घेतले आणि मामाला खुणेने सांगितलं, फोड. सुपारी फुटली, पेढे वाटले गेले, पारूवहिनी मोकळेपणी रडून घेऊ लागल्या, तरी म्हातारीने ते हात सोडले नव्हते आणि नानांनीही काढून घेतले नाहीत.