एकतीस हातांची गाडी

समोरच्याला हात केला की आपल्या गाडीचा एक हात त्याच्या गाडीला जाऊन लागतो, म्हणून आम्ही हेरवाड्यांनी कुणाला हात करायचा नाही, हा नियम मला चालता येण्याआधीपासून सांगितला होता, आणि त्याला 'का' लावायचं नाही हेही.

हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. तेवढी लांबी गाडीच्या मागून जाते. नुसतं बोट उचललं तर बोटभर जाते, नमस्कार केला तर दोन हात. समोरच्याने उलट हात केला तर गेलेलं परत येतं आणि दोघांच्या गाड्या होत्या तेवढ्याच राहतात. त्याने केला नाही तर ते त्याचं झालं. मान हे माप नसल्यामुळे मान हलवायला हरकत नव्हती, पण आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, तीही जपून हलवत.

आमची गाडी एकतीस हातांची होती. आजोबांनी ती जुनी बस इचलकरंजीत विकत घेतली तेव्हा अठरा हातांची होती. त्यांनी तिच्यात बिछाने, ओटा आणि न्हाणीघर बसवलं आणि सहलीला निघाले. बाकीचे तेरा हात लोकांनी केलेले होते. अण्णा त्याला 'आपली कमाई' म्हणत. आजोबांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा निरोप द्यायला सगळी गल्ली उभी होती, आणि आजोबा दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. असा माणूस पुन्हा होणार नाही, असं अण्णा म्हणतात. मलाही तशीच आशा आहे.

दर सुट्टीला आम्ही घाटमाथ्यावरच्या तलावाजवळच्या मैदानात मुक्कामाला जायचो. त्याच्या पुढे खाली कोकणात उतरता येत नव्हतं, कारण घाटातलं पहिलंच वळण पंचवीस हातांपर्यंतच्या गाड्या घेतं. मैदानात लांब गाड्यांना तलावाच्या काठाला जागा मिळे, मध्यम गाड्यांना त्यांच्या मागे आणि आखूड गाड्यांना उतारावर, संडासाजवळ. काठावरचे लोक घडीच्या खुर्च्या टाकून आपापल्या गाडीकडे तोंड करून बसत. तलाव पाठीमागे असे. उतारावरचे लोक दिवसभर एकमेकांना हात करत, ते हात लगेच परत येत, आणि एकाच्या शेगडीवर दुसऱ्याचं कालवण शिजे. त्यांच्या हसण्याचा आवाज यायला लागला की अण्णा खिडकी लावायला सांगत.

त्या वेळी मला मालवणला नोकरी लागली होती. खारफुटीचा अभ्यास करणारी एक संस्था होती, आणि मला सोमवारी हजर व्हायचं होतं. घरात कुणाचा विरोध नव्हता. पप्पांनी पेढे वाटले होते. अडचण फक्त जाण्याची होती.

"एसटीनं जाते," मी म्हटलं.

"घरात एकतीस हातांची गाडी असताना?" अण्णा म्हणाले. "हेरवाड्यांची पोरगी दुसऱ्याच्या गाडीत बसली म्हणून सांगू काय लोकांस्नी?"

"मग आपल्या गाडीनं सोडा."

"वळण पंचवीसचं हाय."

"मग सहा जणांना हात करूया."

पप्पांनी पेढ्यांच्या डब्याला झाकण लावलं. "तिशू, असलं बोलायचं नसतं," ते म्हणाले. "सरकार कधीतरी वळण मोठं करेल. तेव्हा जा की."

यात कुणी माझं वाईट चिंतत नव्हतं. मन रमावं म्हणून त्यांनी मला मैदानावर आणलं होतं. आणलं म्हणजे गाडी मीच चालवली. अण्णांना मोतीबिंदू होता आणि पप्पांना गाडी शिकण्याचा धीर कधी झाला नाही. चालवणाऱ्याचा उजवा हातमोजा स्टिअरिंगला दुहेरी दोऱ्याने शिवलेला होता. त्यात हात घातल्याशिवाय अण्णा किल्ली देत नसत.

रविवारी सकाळी जिनमती आत्या आली.

ही अण्णांची आणि पप्पांची धाकटी बहीण. आजोबांनी तिला लग्नात साडेदहा हातांची व्हॅन दिली होती. आता तिची चाकांची सुटकेस झाली होती. मागे नंबरप्लेट तीच होती आणि विमाही चालू होता. फाटकावरच्या माणसाने फीत लावून दीड हात भरल्याचं सांगितलं आणि नियमाप्रमाणे उतारावर जागा दिली. आत्या ती ओढत आमच्या गाडीपर्यंत आली.

मी चालकाच्या खिडकीत बसले होते, उजवा हात अजून हातमोज्यातच होता. अण्णा आणि पप्पा खाली खुर्च्यांवर होते.

"काय अण्णा, न्याहारी झाली काय?" असं म्हणत आत्याने हात केला.

तिच्या सुटकेसचं हँडल आत गेलं, चाकं जवळ आली, आणि ती अर्ध्या हाताची झाली. आमच्या गाडीच्या मागच्या बाजूला करकर आवाज झाला. अण्णांनी आवाजाकडे कान दिला.

"बत्तीस," ते म्हणाले. आत्याकडे बघून त्यांनी मान थोडी हलवली.

"आत्या, तू हात कशाला केलास गं?" मी ओरडले.

"दिसली माणसं, केला," आत्या म्हणाली. "भाऊ हायत माझे. दिवाळीला येतो तेव्हा प्रत्येक वेळी करतो की."

"आणि हे दोघं करतात?"

"त्यांचं काय नसतं."

"किती झाले गं असे?"

"मी कशाला मोजू?"

"नऊ," अण्णा म्हणाले. ते पक्के हिशोबी होते. "आजचा धरून दहा."

"आणि अजून एक केलास तर तुझ्याकडं काय राहील?" मी आत्याला विचारलं.

"चालत जाईन की. आत्ता तरी काय करतो? लोक आपणहून बसवून घेतात. परवा कारवारहून आलो. फटफटीवर बसून, सुटकेस मांडीवर." तिने वाकून सुटकेसवरची धूळ पुसली. "तू कोकणात जाणार म्हणं. समुद्र बघितलास काय कधी?"

मी समुद्र बघितला नव्हता. कॉलेजच्या तिन्ही सहली एसटीने गेल्या होत्या.

मी उजवा हात हातमोज्यातून ओढला. दोरा तुटला नाही, हातच बाहेर आला. तो मी खिडकीबाहेर काढून आत्याला केला.

सुटकेस मोठी झाली, आणि आमची गाडी मागून आखडली. आत्याने लगेच उलट हात केला. सगळं होतं तसं झालं.

"आत्या, तू करू नकोस!"

"तू केल्यावर मी कसं न करू?"

मी पुन्हा केला. तिनेही केला. असं तीनदा झालं. सुटकेस श्वास घेतल्यासारखी लहानमोठी होत राहिली. उतारावरची माणसं बघायला आली. अण्णा उठून उभे राहिले.

"शोभतं काय हे?" ते म्हणाले. "शिकवलं म्हणून डोक्यावर बसलीस काय?"

"तिला हात करू द्या आणि ठेवून घ्या, ते शोभतं होय, अण्णा?"

तेवढ्यात आई गाडीच्या दारातून खाली उतरली. तिच्या एका हातात चहाचा पेला होता आणि दुसऱ्यात पोह्यांची बशी. तिने पेला आत्याच्या उजव्या हातात दिला आणि बशी डाव्यात.

"वन्सं, सांडू नका," आई म्हणाली. "गरम हाय."

मग ती बाजूला उभी राहिली. पप्पांनी तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

मी हात केला. आत्याची बोटं पेल्याभोवती हलली, पण पेला भरलेला होता. सुटकेसला हँडलच्या जागी कोंब फुटावा तसं स्टिअरिंग फुटलं. मी दुसरा हात केला, तेव्हा तिला बसायची जागा आली. तिसऱ्याला ती स्कूटर झाली, चौथ्याला रिक्षाएवढी. आमच्या गाडीतून आधी मागचा बिछाना गेला, मग दुसरं कपाट, मग अण्णांच्या आणि पप्पांच्या झोपायच्या जागांमधली भिंत. सातव्या हाताला आत्याच्या मागे छोटी पांढरी व्हॅन उभी होती, नंबरप्लेट आपल्या जागी होती. उतारावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळी हे माप नाही.

फाटकावरचा माणूस न बोलावता फीत घेऊन आला. त्याने आमच्या गाडीला पुढून मागपर्यंत फीत लावली.

"पंचवीस भरली," तो म्हणाला. "वळण घेईल आता."

पप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. ते खरोखर चांगले गृहस्थ आहेत.

"झालं तर मग," ते म्हणाले. "तिशूची नोकरी झाली. उद्या सोडूया मालवणला. अण्णा, तुम्हीपण चला, समुद्र बघून येऊ."

अण्णा सावकाश खुर्चीत बसले. "बरं," ते म्हणाले. "तुझ्यापायी सात हात गेले, ते गेले. काठावरची जागा तरी राहिली. आता हातमोजा घाल, उद्या किल्ली फिरव. विषय संपला."

"अजून तीन राहिले," मी म्हटलं.

"कसले तीन?"

"आत्याचे. दहा म्हणाला होतात तुम्हीच."

"अगं, तुझं काम झालं की!" पप्पा म्हणाले. "वळण पंचवीसचं हाय. पंचवीस झाली."

"वळणाचं झालं. आत्याचं नाही."

"बावीसची गाडी मधल्या रांगेत जाते," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मधल्या रांगेत, तिशू. हात आत घे."

"नाही घेणार."

"मी सांगतोय तुला."

"ऐकलं मी, अण्णा. नाही घेणार."

आत्याच्या चहावर साय धरली होती. साय हलत नव्हती. मी हात कोपरापर्यंत बाहेर काढला आणि आठवा हात केला. आमच्या गाडीच्या मागे करकर आवाज झाला. अण्णा आणि पप्पा दोघांनीही तो ऐकला.